फ्रिजवरचा कागद

"मामा, हजार डॉलरमध्ये बसतंय सगळं," जावयांनी सांगितले आणि फ्रिजच्या दारावर लावलेल्या कागदाकडे बोट दाखवले. २०२२ च्या जूनमधली गोष्ट. आम्ही उभयता बेळगावहून कॅन्सस सिटीला लेकीकडे येऊन जेमतेम चार दिवस झाले होते. झोपेचे वेळापत्रकही अजून रुळावर आले नव्हते. कागदावर इंग्रजीत चारच ओळी होत्या: लायसन्स ७००, पेट्रोल १००, जेवण १००, किरकोळ १००. खाली दोन रेघा मारून एक हजार.

चाळीस वर्षे सहकारी बँकेत काढलेल्या माणसाला असा कागद दिसला की हात शिवशिवतात. 'किरकोळ' या शब्दाने बुडालेली कितीतरी कर्जखाती मी पाहिली आहेत. मी विचारले, "कसलं अंदाजपत्रक हे?"

"एल्कच्या शिकारीचं. कोलोरॅडोला जायचंय, ऑक्टोबरात."

स्वयंपाकघरात भांडे जरा जोरात आपटल्याचा आवाज आला. आमच्या लेकीचे मत काय आहे, ते मला तेवढ्यावरून कळले.

आधी हा एल्क म्हणजे काय ते सांगतो, कारण मलाही ठाऊक नव्हते. आपल्या खानापूरच्या जंगलातले सांबर, ज्याला आपल्या घरांतून कडवे म्हणतात, त्याचा हा थोराड चुलतभाऊ. काश्मीरच्या हंगुलाशी नाते त्याहून जवळचे. मोठा नर तीनशे किलोच्या घरात जातो. एकट्या कोलोरॅडो राज्यात अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत, अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा अधिक. गंमत म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेबंद शिकारीमुळे तिथे हजारभरच उरले असावेत. मग शिकारीवर निर्बंध आले, यलोस्टोनकडून कळप आणून सोडले गेले आणि संख्या वाढत गेली. आता किती जनावरे मारायची, कुठल्या भागात, कुठल्या आठवड्यात, नर की मादी, हे सगळे राज्याचे वन्यजीव खाते ठरवते. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार हा शब्दच गुन्ह्याच्या बातमीत येतो. तिथे ती परवान्याने, पावती फाडून होते. माझ्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती आणि डुकरे पिकात शिरली की ती बाहेर निघायची, एवढाच आमच्या घराण्याचा शिकारीशी संबंध.

जावई मूळचे निपाणीकडचे. घरात आईचे कन्नड, वडिलांचे मराठी. तिकडे गेल्यावर ऑफिसातल्या दोन सहकाऱ्यांच्या संगतीने त्यांना हरणाच्या शिकारीचा नाद लागला. रायफल होती, शिकारीच्या शिक्षणाचा दाखला होता. हा दाखला कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला लागतोच. पण एल्क कॅन्ससमध्ये नावापुरते, त्यामुळे दुसऱ्या राज्यात जाणे आले. वाटाड्या घेऊन, तंबू, घोडे, स्वयंपाकी सगळे त्याच्याकडून घेतले तर माणशी पाच-सहा हजार डॉलर सहज, पुढे जाल तितके थोडे. ते परवडत नाही म्हणून सगळे आपले आपण करायचे. तंबू आपला, चूल आपली, जनावर पडले तर ओझेही आपल्याच पाठीवर.

लेकीचा विरोध जनावर मारण्याला नव्हता. मटण आमच्या घरी रविवारी ठरलेले. तिचा हिशेब वेगळा होता. कोरोनामुळे तीन वर्षे त्यांचे गावाकडे येणे झाले नव्हते. निपाणीला जावयांच्या आईंचे वय झाले होते, त्यांनी नातीला फोनच्या पडद्यावरच मोठी होताना पाहिले. त्या प्रवासासाठी दोघांनी बँकेत वेगळे खाते काढले होते आणि त्याला 'गाव' असे नाव दिले होते. तिघांच्या तिकिटांना साधारण ४,२०० डॉलर लागणार, खात्यात होते २,६००. "बाबा, पैसे आज ना उद्या मिळतील," ती मला रात्री हळूच म्हणाली, "पण रजा? वर्षाला पंधरा दिवस. त्यातले सात डोंगरात घालवले तर गावाला कधी जायचं?"

दोघांचेही खरे होते. तो माणूस आठवड्याचे पाच दिवस पडद्यासमोर बसतो, वर्षातून एकदा डोंगरात जावेसे वाटले तर काय चुकले? आणि ती तरी काय चुकीचे मागत होती?

मी मध्ये पडलो त्याला आणखी एक कारण होते, ते मी तोवर जावयांना सांगितले नव्हते. माझ्या धाकट्या काकांना शर्यतीच्या बैलांचा नाद होता. बैल देखणे, काका दिलदार. पेंड, दूध, अंडी, गाडीचे भाडे, सोबतच्या पोरांची जेवणे, सगळे 'किरकोळ' होते. कुणी कधी लिहून ठेवले नाही. दहा वर्षांनी सोसायटीची नोटीस आली तेव्हा जामीन म्हणून सही माझ्या वडिलांची निघाली आणि तळ्याकाठची दीड एकर जमीन गेली. काका वाईट नव्हते. दोन शर्यती जिंकलेही होते. पण त्या दीड एकराचा विषय निघाला की आमच्या घरात अजून कुणी एकमेकांकडे पाहत नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी हे सगळे मी जावयांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग फ्रिजवरचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला. "तुम्हीच मांडा, मामा. लेक्का तुमचा."

मांडायला बसलो तेव्हा कळले की लायसन्सचा आकडा तेवढा बरोबर होता. कोलोरॅडोत राहणाऱ्याला एल्कचा परवाना त्या वेळी साठेक डॉलरला मिळे. बाहेरच्या राज्याच्या माणसाला तोच सातशेच्या वर. ऐकून मला कोल्हापूर पासिंगची गाडी आठवली. सीमेवर राहणाऱ्यांना 'बाहेरच्या राज्याचा' या शब्दांची किंमत वेगळी सांगायला नको! पण त्यामागचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. तिथल्या वन्यजीव खात्याचा बराचसा खर्च परवान्यांच्या फीतून चालतो, आणि त्यात मोठा वाटा बाहेरच्यांचा. शिवाय १९३७ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे शिकारी बंदुका आणि काडतुसांवर अकरा टक्के कर बसतो, तो राज्यांना वन्यजीवांसाठीच मिळतो. परवान्यासोबत अधिवासासाठीचा स्टॅम्प घ्यावा लागतो, त्याचे दहाएक डॉलर. आणि पाव डॉलर डोंगरात हरवलेल्यांना शोधणाऱ्या पथकांच्या निधीला. पाव डॉलरचा हा शेवटचा आकडा मला फार आवडला. एकूण ७१० धरले.

शेजारच्या वायोमिंगचाही विचार झाला होता. पण तिथे बाहेरच्या शिकाऱ्याला राखीव रानात वाटाड्याशिवाय शिकार करता येत नाही आणि परवाना सोडतीत लागला तर. कोलोरॅडोत रायफलच्या दुसऱ्या मोसमासाठी बऱ्याच भागात नराचा परवाना थेट दुकानातून मिळत असे, ऑगस्टात विक्री सुरू होई. मात्र पैसे परत नाहीत. जनावर दिसो न दिसो. आणि अशा खुल्या परवान्याच्या भागात दहा शिकाऱ्यांतले जेमतेम दोघे काही घेऊन परततात. म्हणजे बँकेच्या भाषेत, ऐंशी टक्के बुडीत जाण्याची शक्यता असलेले कर्ज! हे मी बोलून दाखवले. जावई हसून म्हणाले, "मामा, म्हणून तर त्याला शिकार म्हणतात, खरेदी नाही म्हणत."

पुढे पेट्रोल. कॅन्सस सिटीहून मीकर नावाच्या गावापर्यंत सव्वाआठशे मैल, जाऊन-येऊन आणि डोंगरातले फिरणे धरून १,९२० मैल. त्यांचा पिकअप ट्रक सामानासकट गॅलनला सोळा मैल देतो. १२० गॅलन, ३ डॉलर ७० सेंटने ४४४ डॉलर, तिघांत १४८. कागदावर शंभर लिहिले होते. जाता-येता एकेक रात्र मोटेलमध्ये, माझ्यासकट चौघांत माणशी ९५. (हो, मी जाणार हे एव्हाना ठरले होते. कॅम्पवर स्वयंपाकी आणि हिशेबनीस म्हणून. बंदुकीला हात लावायचा नाही, हे आधीच सांगून टाकले. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या पाहुण्याला शिकारीच्या परवान्याशिवाय तिथे बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही, हे तिकडे जाणाऱ्या आपल्या मंडळींनी ध्यानात ठेवावे.) जेवण १३०, त्यात वाटेवरचे धरून.

आणि मग 'किरकोळ'. बूट २१०. कॅन्ससच्या सपाटीवर चालणारे बूट नऊ हजार फुटांवर बर्फात चालत नाहीत. उणे तापमानाची स्लीपिंग बॅग १६०. नारिंगी जाकीट आणि टोपी ३०, कारण रायफलच्या मोसमात अंगावर किमान पाचशे चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी रंग आणि डोक्यावर त्याच रंगाची टोपी हवी, असा कायदाच आहे. मांस थंड आणि माशांपासून दूर ठेवायच्या कापडी पिशव्या ४५. काडतुसांचे तीन बॉक्स १३५, त्यातले दोन नुसत्या सरावाला. ट्रकच्या चाकांच्या साखळ्यांचा वाटा ४०. डेन्व्हरच्या पश्चिमेला महामार्गावर सप्टेंबर ते मे या काळात बर्फाचे टायर नसतील तर साखळ्या गाडीत असाव्याच लागतात. गॅस आणि दिव्याचे २०, बर्फाचे १५, मोठ्या थंडपेट्या ६०, उपग्रहावरून निरोप पाठवणाऱ्या यंत्राच्या भाड्याचा वाटा २०.

बेरीज १,८१८. वर अडीअडचणीला १८२ घातले आणि लिहिले: दोन हजार. तेव्हाच्या ७८ रुपयांच्या भावाने एक लाख छपन्न हजार.

कागद परत फ्रिजवर लागला. त्या दिवशी जेवताना कुणी फार बोलले नाही. संध्याकाळी निपाणीला व्हिडिओ कॉल झाला, तेव्हा विहीणबाईंच्या कानावर ही शिकारीची बातमी नातीनेच घातली. त्या बाई हिशेबाला पक्क्या. "हासिगे इद्दष्टु कालु चाचु," एवढेच लेकाला म्हणाल्या. आमची सौ. लगेच म्हणाली, "अंथरूण पाहूनच पाय पसरावेत." दोन भाषांतून एकच तंबी मिळाल्यावर जावयांना पळायला वाट राहिली नाही.

त्यांच्याजवळ साठवलेले हजार होते. बाकीचे 'गाव' खात्यातून तात्पुरते घ्यावेत आणि डिसेंबरच्या बोनसमधून भरावेत, असे त्यांनी सुचवून पाहिले. मी नाही म्हटले. हे 'तात्पुरते' किरकोळचेच सख्खे भावंड! मग कपात सुरू झाली. थंडपेट्या ऑफिसमधल्या एकाकडून उसन्या मिळाल्या, स्लीपिंग बॅग दुसऱ्याकडून. २२० कमी झाले, राहिले १,७८०. बूट आणि साखळ्या कमी करू दिल्या नाहीत. दोन वर्षे गॅरेजात धूळ खात पडलेली सायकल ४५० ला विकली. उरलेले ३३० पाच महिन्यांत उभे करायचे, म्हणजे महिन्याला ६६. ते दुपारचे बाहेरचे जेवण बंद करून. डबा करून द्यायला लेक तयार झाली, तेव्हा मी समजलो की तह जवळ आला.

पण रजेचे राहिले होते. त्याचाही कागद केला. २०२२ चे पंधरा दिवस: सात शिकारीला, तीन आमच्याबरोबर फिरायला, पाच पुढच्या वर्षात न्यायचे, तेवढे नेता येत होते. म्हणजे २०२३ मध्ये वीस. डिसेंबरात तीन आठवडे गावाला. लेकीने कागद वाचला, पेन घेतले आणि खाली लिहिले: '२०२३ मध्ये शिकार नाही.' जावयांनी सही केली. मी साक्षीदार.

आणखी एक सही मी त्या दोघा सहकाऱ्यांच्या घेतल्या. जनावर कुणालाही मिळो, मांस तिघांत समान, खर्चही समान. थोरले सहकारी पंचावन्नचे, तीन वेळा कोलोरॅडोला जाऊन आलेले, तिन्ही मिळून एकच एल्क मिळालेला. त्यांना गंमत वाटली. त्यांचा जाड कापडाचा तंबू आणि लोखंडी चूल वापरायची होती, त्याचा घसारा मी लावू लागलो तर ते मोठ्याने हसले आणि एक पैसाही घेणार नाही म्हणाले.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला, पाडवा आणि भाऊबीज २६ ला. २७ च्या पहाटे आम्ही निघालो. मागे तंबू, चूल, प्रेशर कुकर, ज्वारीचे पीठ आणि फराळाचे चार डबे. चकली त्या दोघांना इतकी आवडली की डेन्व्हर यायच्या आत एक डबा रिकामा. पहिली रात्र लायमन गावी, दुसऱ्या दिवशी अकरा हजार फुटांवरच्या आयझेनहॉवर बोगद्यातून पलीकडे, रायफल नावाच्या गावातून (खरेच गावाचे नाव रायफल आहे) मीकरला आणि तिथून व्हाइट रिव्हर राष्ट्रीय वनात. तेवीस लाख एकरांचे हे सरकारी रान. तंबू ठोकायला भाडे नाही, चौदा दिवसांपर्यंत कुणी उठवत नाही. अंदाजपत्रकातली एकमेव फुकटची बाब.

कॅम्प नऊ हजार फुटांवर. तिथे पाणी नव्वद-एक्क्याण्णव अंशांनाच उकळते, त्यामुळे नुसत्या पातेल्यात डाळ दिवसभर ठेवली तरी दाताखाली येते. कुकर आणला म्हणून निभावले. तरुण सहकाऱ्याने शिट्टी ऐकून पहिल्यांदा उडीच मारली. पिठले, भाकरी, ठेचा, वर डाळ. पहाटे चारला चहा करायचा, कारण सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी झाडायला परवानगी, आणि तिघे त्याआधी तासभर अंधारात चढत. मग दिवसभर मी, चूल आणि वारा. रात्री पारा उणे बारापर्यंत उतरे.

इथे माझी एक चूक सांगायला हवी. पहिल्याच रात्री माझे डोके ठणकू लागले, मळमळत होते. उंचीचा त्रास, हे मला समजत होते. पण सगळ्यांचा विरस नको म्हणून बोललो नाही. रविवारी दुपारी तंबूबाहेर उभा राहिलो आणि तोल गेला. तेवढ्यात जावई काही न्यायला परत आले होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि रायफल पेटीत ठेवली. दीड तास ट्रक चालवत मला मीकरला, साडेसहा हजार फुटांच्या खाली आणले. मोटेलमध्ये खोली घेतली, रात्रभर तिथेच थांबले. खाली उतरताच मला तासा-दोन तासांत बरे वाटले. पण त्याच संध्याकाळी, नेमके त्यांच्या ठरलेल्या जागेसमोरून पंचवीस-तीस एल्कचा कळप गेला, असे दुसऱ्या दिवशी थोरल्यांनी सांगितले. जावई "असू दे" म्हणाले. खोलीचे ११८ डॉलर मी माझ्या खात्यावर टाकले, पण त्यांच्या त्या संध्याकाळचा आकडा कुठल्या रकान्यात लिहायचा? सातशे डॉलरचा परवाना नऊ दिवसांचा, त्यातले आम्ही सातच राहणार, आणि त्यातली सर्वांत चांगली संध्याकाळ सासऱ्याच्या उशाशी गेली. वयस्क पाहुण्यांना उंचावर नेणाऱ्यांनी एक दिवस मधल्या उंचीवर काढावा, आणि पाहुण्यांनी डोकेदुखी लपवू नये.

मंगळवारी बर्फ पडले. रस्ता चिखलाचा, साखळ्या चढवूनही ट्रक चारीत घसरला. ओढून काढणाऱ्या गाडीचे तीनशे डॉलर, माणशी शंभर. 'अडीअडचण' या ओळीकडे मी जावयांना बोट दाखवले नाही, पण त्यांनी स्वतःच मान हलवली.

बुधवारी पहाटे त्यांना एल्क दिसला. ते संध्याकाळी चुलीपाशी बसून सांगत होते. दीडशे वावांवर एकटा नर, धुक्यात उभा. त्या भागात नियम असा की शिंगाच्या एका बाजूला किमान चार टोके हवीत, नाहीतर कपाळाजवळचे टोक पाच इंचांचे हवे. कोवळा नर मारायचा नाही. त्यांना तीन टोके स्पष्ट मोजता आली. चौथे आहे की मागची फांदी, ते कळेना. उजेड कमी. रायफल खांद्याला, दुर्बिणीत जनावर, आणि मोजणी तीनवर अडकलेली. अर्धा मिनिट तो उभा होता. मग निघून गेला.

"मारला असता आणि तीनच निघाली असती तर?" मी विचारले.

"तर स्वतः जाऊन सांगायचं, दंड भरायचा, मांसही जप्त." थोडे थांबून म्हणाले, "आणि घरी काय सांगणार होतो?"

गुरुवारी सकाळी दूरवर एकच बार ऐकू आला. थोरल्यांना पाच टोकांचा नर मिळाला होता, कॅम्पपासून अडीच मैलांवर, ओढ्याच्या पलीकडे. गोळी लागल्यावर खरे काम सुरू होते, हे मला तेव्हा समजले. परवान्याची चिठ्ठी सही-तारखेसह जनावराला बांधायची, नर असल्याची खूण मांसाला चिकटलेली ठेवायची, खाण्याजोगे मांस रानात टाकून यायचे नाही, विकायचे तर मुळीच नाही. जागेवरच हाडांवरून मांस सोडवले. मेंदू आणि पाठीचा कणा मागेच ठेवावा लागतो, कारण हरणांच्या जातीत पसरणारा एक असाध्य मेंदूविकार तिकडे आहे आणि तो दुसऱ्या राज्यात जाऊ नये म्हणून बहुतेक राज्यांनी अख्खे धड आणायला बंदी घातली आहे. तिघांनी दोन दोन खेपा केल्या. शेवटच्या खेपेला अंधार पडला होता. मी कंदील घेऊन वाटेवर उभा राहिलो. तिघे ओळीने वाकून येताना दिसले आणि मला उगीचच सुगीत पेंढ्या वाहणारी आमची माणसे आठवली.

मांस भरले १९० पौंड. म्हणजे माणशी २८ किलो ७०० ग्रॅम.

शुक्रवारी तंबू गुंडाळला, शनिवारी रात्री घरी. रविवारी लेकीच्या ओट्यावर तिघे सुऱ्या घेऊन बसले. खाटकाकडे दिले असते तर पौंडाला डॉलर-सव्वा डॉलर गेला असता. पण खाण्याची घाई केली नाही. थोरल्यांनी जनावराचा नमुना तपासणीला दिला होता, पंचवीस डॉलर भरून. या रोगाची माणसाला लागण झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही, तरी बाधित मांस खाऊ नका असाच तिथल्या आरोग्य खात्याचा सल्ला आहे. दोन आठवडे फ्रीझर भरलेला आणि आम्ही रोज वरण-भात. निकाल आला: रोग आढळला नाही. त्या संध्याकाळी निपाणीहून आणलेल्या कांदा-लसूण मसाल्यात पहिले सुके झाले. एल्कला चरबी जवळजवळ नसते, बकऱ्यासारखे भराभर परतले तर वातड होते. लेकीने दही लावून रात्रभर मुरवले आणि मंद आचेवर अडीच तास ठेवले. चव सांगू? मटणाहून उग्र नाही, जरा गोडसर. नातीने दोनदा मागून घेतले.

मग हिशेब पुरा केला. ठरलेले १,५९८ ठरल्यासारखे गेले. वर ट्रक ओढण्याचे १००, थोरल्यांच्या तंबूची वाऱ्याने फाटलेली ताडपत्री बदलून देण्याचा वाटा २५, मांस गुंडाळायचा कागद आणि पिशव्या १२, हात शेकायच्या पुड्या आणि कॉफी २०, तपासणीचा वाटा ८. एकूण १,७६३. म्हणजे १,७८० पैकी सतरा डॉलर शिल्लक! मांसाचा भाव काढला तर किलोला पाच हजार रुपये पडला. बेळगावात तेव्हा मटण सातशेच्या आसपास होते. हा आकडा मी मोठ्याने वाचला तेव्हा जावईही हसले आणि लेकही. लेक हसली, हे मी वहीत लिहिले नाही, पण लक्षात ठेवले.

त्याच रात्री निपाणीला फोन झाला. विहीणबाईंनी शिंगांचा फोटो पाहिला, बर्फाचा पाहिला, लेकाच्या वाढलेल्या दाढीवर दोन शब्द बोलल्या. मग मुद्द्यावर आल्या. "एष्टातु?"

जावयांनी आकडा सांगितला. एकही डॉलर न लपवता.

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग बाई म्हणाल्या, तुझ्या बापाने एकदा टेपरेकॉर्डर घेतला होता, किंमत मला अकरा वर्षांनी कळली. आणि फोन नातीकडे द्यायला सांगितला.

सतरा डॉलर 'गाव' खात्यात गेले. २०२३ च्या डिसेंबरात ती तिघे आली, तीन आठवडे राहिली, त्यातले बारा दिवस निपाणीला. त्यानंतर जावई एल्कच्या शिकारीला गेलेले नाहीत. दरम्यान बाहेरच्यांची फी वाढत गेली आहे, आणि २०२५ पासून कोलोरॅडोने बाहेरच्या राज्यांच्या धनुष्यबाणवाल्यांचे खुले परवाने बंद करून त्यांना सोडतीत घातले आहे. परवा लेकीने फ्रिजचा फोटो पाठवला. नवा कागद लागला आहे, जावयांच्या अक्षरात. पंधरा ओळी आहेत. किरकोळ कुठेच नाही. तळाशी लिहिले आहे: मामांना दाखवणे.

मी उत्तर पाठवले की बुटांचा भाव जुना धरला आहे.